शाळेसमोरचा रस्ता आणि हिशेबाची वही

मैत्रिणींनो, जून लागला की या सदराकडे येणारी पत्रं ठरलेली असतात. डब्यात रोज नवीन काय द्यावं, गणवेशावरचा शाईचा डाग कसा काढावा, पावसात दप्तराला येणारा कुबट वास कसा घालवावा. त्या सगळ्यांची उत्तरं पुढच्या अंकात देते. आज मात्र दप्तर पाठीला लावून मूल दाराबाहेर पडतं, त्यानंतरच्या दहा मिनिटांविषयी लिहायचं आहे.

घरात आपण किती जपतो! गॅसची नळी वेळच्या वेळी बदलतो, फिनेलची बाटली वरच्या फळीवर ठेवतो, इस्त्री गार झाल्याशिवाय खोलीबाहेर जात नाही. आणि त्याच मुलाला अशा रस्त्यावर सोडतो, जिथं ना पदपथ, ना पट्टे, ना कुणी थांबवणारं. केंद्र सरकारच्याच आकडेवारीप्रमाणे २०२२ या एका वर्षात आपल्या देशात १,६८,४९१ माणसं रस्त्यावरच्या अपघातांत गेली. त्यांतली ३२,८२५ पायी चालणारी होती. आकडे एवढे मोठे की डोळ्यांपुढे काही येत नाही. म्हणून मी आमच्या गल्लीचंच सांगते.

आमची शाळा गल्लीच्या तोंडाशी, मोठ्या रस्त्याला लागून. जुलै २०२३ मध्ये शेजारच्या वहिनींचा नातू, दुसरीतला, आजीचा हात सोडून दोन पावलं पुढं गेला आणि मागं येणाऱ्या टेम्पोचा धक्का लागून पडला. पायाचं हाड मोडलं. सहा आठवडे प्लॅस्टर. जिवावरचं पायावर निभावलं, असं सगळेच म्हणाले, आणि ते खरंच होतं. पण माझ्या मनातून आजही जात नाही ती वेगळीच गोष्ट. मूल रस्त्यात पडलेलं, वहिनी सुन्न होऊन उभ्या, भोवती वीस-पंचवीस माणसं, आणि उचलायला कुणी पुढं होईना! "पोलिसांचं लचांड मागं लागेल," असं एक गृहस्थ पुटपुटलेही. शेवटी एका रिक्षावाल्यानं उचललं आणि दवाखान्यात नेलं. तर हे आधीच सांगून टाकते: जखमीला मदत करणाऱ्याला कसलाही त्रास होऊ नये, असा कायदा आता आहे. सर्वोच्च न्यायालयानं २०१६ मध्ये तसं बजावलं आणि २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यात त्यासाठी १३४ अ हे कलम घातलं गेलं. मदत करणाऱ्यानं आपलं नाव सांगितलंच पाहिजे अशी सक्तीही नाही. रुग्णवाहिकेचा नंबर १०८. हे घरातल्या प्रत्येकाला, कामाला येणाऱ्या मावशींनासुद्धा, तोंडपाठ करून ठेवा.

त्या महिन्याच्या भिशीत दुसरा विषयच निघाला नाही. कुणी म्हणालं, वर्गणी काढू आणि शाळा भरताना-सुटताना एक माणूस उभा करू. सगळ्यांनी माना डोलावल्या. तेवढ्यात आमच्यातल्या एक निवृत्त शिक्षिका, ज्यांना आम्ही सगळ्या बाई म्हणतो, त्या म्हणाल्या, "घरपट्टी भरता ना? मग वर्गणी कसली काढता? पैसा आहे. तो कुठं आहे आणि कसा मागायचा, ते शोधा."

त्यांचं ते वाक्य खरं होतं. पण ते आम्हाला कळेपर्यंत आम्ही जो घोळ घातला, तो सांगितल्याशिवाय पुढं जाता येणार नाही.

आमचा पहिला अर्ज फार सुंदर भाषेत होता. "शाळेसमोर वाहतुकीचा अतोनात त्रास होत असून योग्य ती कार्यवाही व्हावी ही नम्र विनंती." खाली पंचेचाळीस सह्या. तीन आठवड्यांनी उत्तर आलं, "आपल्या अर्जाची नोंद घेण्यात आली आहे." झालं! आम्ही पुन्हा गेलो, जरा आवाज चढवला आणि "निदान गतिरोधक तरी टाका" असं म्हणून आलो. चौथ्या दिवशी सकाळी उठून पाहतो तो रस्त्यावर डांबराचा उंच वरवंटा! रंग नाही, पाटी नाही, वर रस्त्यावरचा दिवा बंद. आम्ही पेढे वाटायचेच तेवढे बाकी ठेवले होते. आठवडा गेला नाही तोच मुलाच्या स्कूटरवर मागं बसलेल्या एक काकू त्यावर उसळून पडल्या आणि मनगट मोडून बसल्या. मागितलं आम्हीच होतं. कुणाला बोलणार?

तेव्हा कळलं की गतिरोधकालाही शास्त्र असतं. आपल्याकडच्या रस्त्यांचे नियम ठरवणारी 'इंडियन रोड्स काँग्रेस' नावाची संस्था आहे. तिच्या नियमाप्रमाणे गोलसर गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि मध्यभागी फक्त १० सेंटिमीटर उंच असतो. म्हणजे चांगला बारा फूट पसरलेला आणि चार बोटांहून थोडाच अधिक उंच. त्यावरून ताशी २५ किलोमीटरनं गाडी अलगद जाते आणि त्याहून जोरात नेली तर दणका बसतो. अलीकडे पाटी हवी, वर पट्टे हवेत. आमच्या दारातला तो वरवंटा यातल्या कशातच बसत नव्हता. पुरणाला गूळ किती ते मापानं घालतो आणि रस्त्यावर मात्र "टाका काहीतरी" म्हणून मोकळ्या होतो, हे काही बरं नव्हे.

वेगाचा आग्रह कशासाठी, तेही सांगते. ताशी ५० किलोमीटरनं येणारी गाडी एका सेकंदात जवळजवळ १४ मीटर पुढं जाते, ताशी ३० नं येणारी ८ मीटर. चालकाच्या नजरेला मूल पडून त्याचा पाय ब्रेकवर जाईपर्यंत तो सेकंद संपलेला असतो. आणि लहान मुलाला येणाऱ्या वाहनाचा वेग नीट जोखता येत नाही. आपण कितीही "डावी-उजवीकडे बघ" म्हटलं तरी बघितलेलं पारखायची समज यायला वयच लागतं. म्हणून जिथं मुलं आणि गाड्या एकत्र येतात तिथं वेग ३० वर आणावा, असं २०२० साली स्टॉकहोमला झालेल्या जागतिक परिषदेच्या जाहीरनाम्यात म्हटलं आहे. तात्पर्य, मुलाला शिकवा, पण नुसतं शिकवून भागणार नाही. रस्ताच बदलायला हवा.

मग बाईंनी वही काढली. दुधाच्या हिशेबाला असते तशीच, दोनशे पानी. सप्टेंबरातले सहा दिवस आम्ही दोघी-दोघी आळीपाळीनं शाळेच्या फाटकाशी उभ्या राहिलो, सकाळी वीस मिनिटं आणि दुपारी वीस मिनिटं. किती मुलं रस्ता ओलांडतात, नेमकी कुठून ओलांडतात, टेम्पो आणि ट्रक किती, रिक्षा कुठं उभ्या राहतात. आणि शेवटचा रकाना होता 'थोडक्यात वाचलं'. त्या रकान्यात सहा दिवसांत अकरा नोंदी झाल्या.

हा शेवटचा रकाना मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. का, ते ऐका. राष्ट्रीय महामार्गावरची एखादी जागा 'अपघातप्रवण' कधी म्हणायची, याची व्याख्या सरकारनं २०१५ मध्ये केली होती. सुमारे ५०० मीटरच्या टापूत तीन वर्षांत मृत्यूचे किंवा गंभीर दुखापतीचे पाच अपघात, नाहीतर एकंदर दहा मृत्यू. सरकारला कुठंतरी रेषा आखावी लागते, हे मी समजू शकते. पण आईनं त्या रेषेपर्यंत वाट का पाहावी? 'थोडक्यात वाचलं' हे पोलिसांच्या कागदावर कधीच येत नाही. ते फक्त फाटकाशी उभ्या असलेल्या बायकांनाच ठाऊक असतं. ते लिहून काढलं की त्याचा पुरावा होतो.

वहीनं आमचंही पितळ उघडं पाडलं. फाटकासमोर सगळ्यांत जास्त अडथळा कुणाचा? आम्हा पालकांच्याच गाड्यांचा! एकेका स्कूटरवर तीन-तीन मुलं, एकाच्याही डोक्यावर शिरस्त्राण नाही. चार वर्षांवरच्या मुलाला हेल्मेट कायद्यानंच लागतं, आणि नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलांसाठी हेल्मेट आणि चालकाला बांधून ठेवणारा पट्टा, दोन्ही फेब्रुवारी २०२३ पासून सक्तीचं झालं आहे. हे पान लिहून झाल्यावर बराच वेळ कुणी कुणाशी बोललं नाही.

दुसरा अर्ज दीड पानाचाच होता. त्यात चार गोष्टी मागितल्या. तो वरवंटा उखडून त्या जागी सपाट माथ्याचा, पदपथाच्या उंचीचा रुंद ओटा आणि त्यावर पांढरे पट्टे, म्हणजे मुलं ओट्यावरून ओलांडतील आणि गाड्यांना चढण लागेल. पदपथावर वाहनं चढू नयेत म्हणून कडेला खांब. दोन्ही बाजूंना 'पुढे शाळा आहे' ही पाटी. आणि एका झाडाची फांदी, जिच्याआड जुनी पाटी झाकली गेली होती, ती छाटणं. सोबत वहीचा गोषवारा आणि बाईंनी हातानं काढलेला नकाशा.

आता पैशांकडे येऊ. कारण पुष्कळजणींना वाटतं, सरकारात ओळख असल्याशिवाय हे होत नाही. ओळखीनं लवकर होत असेल, नाही म्हणत नाही. पण वाटा सगळ्यांना मोकळ्या आहेत.

सर्वांत आधी रस्ता कुणाचा ते विचारा. महापालिकेचा की नगरपरिषदेचा, सार्वजनिक बांधकाम विभागाचा, जिल्हा परिषदेचा की राष्ट्रीय महामार्गाचा? चुकीच्या दारी दिलेला अर्ज सहा महिने नुसता फिरत राहतो. रस्ता पालिकेचा असेल तर तिच्या अंदाजपत्रकातून काम होऊ शकतं. पुणेकर मैत्रिणींना तर खास सोय आहे. तिथं २००६-०७ च्या अंदाजपत्रकापासून नागरिकांनी आपल्या प्रभागातली कामं सुचवायची पद्धत पडली आहे. क्षेत्रीय कार्यालयाचा एक साधा अर्ज असतो, एकेका कामाला पाच लाखांपर्यंत मर्यादा, आणि पदपथ, दिवे, सिग्नल अशी कामं त्यात बसतात. मुदतीची सूचना वर्तमानपत्रात येते, तेवढं पान मात्र रद्दीत जाऊ देऊ नका.

दुसरी वाट खासदार-आमदारांच्या स्थानिक विकास निधीची. खासदारांचा निधी १९९३ साली सुरू झाला आणि २०११-१२ पासून तो वर्षाला पाच कोटी झाला. यातला पैसा ते स्वतः वाटत नाहीत. ते शिफारसपत्र देतात, पालिकेचे किंवा बांधकाम खात्याचे अभियंते खर्चाचा अंदाज काढतात, मंजुरी जिल्हा प्रशासनाकडून येते. आणि हा पैसा टिकाऊ कामासाठीच. ओटा, खांब, दिवे यांना मिळेल, व्याख्यानाला आणि चहापाण्याला मिळणार नाही. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली रस्ता सुरक्षा समितीही असते, तिच्यात पोलीस, परिवहन आणि बांधकाम अशी सगळी खाती एका टेबलाशी बसतात. अर्जाची एक प्रत तिथं जरूर द्या, कारण एकमेकांकडे बोट दाखवायची सोय तिथं राहत नाही.

खेड्यातल्या मैत्रिणींची वाट याहून जवळची आहे. ग्रामपंचायतीला वित्त आयोगाचा निधी येतो आणि तो कशावर खर्चायचा याचा आराखडा ग्रामसभेपुढं येतो. आपल्या राज्यात नेहमीच्या ग्रामसभेआधी महिलांची वेगळी सभा घ्यायचा नियम आहे. ती पुष्कळ ठिकाणी सह्यांपुरती होते, हे मला ठाऊक आहे. वही घेऊन जा आणि ठरावात वाक्य लिहूनच उठा.

आणि ज्यांना बांधकाम नको, मुलांना शिकवायचं आहे, रिक्षावाल्यांची शिबिरं घ्यायची आहेत, त्यांच्यासाठी पैसा वेगळ्या खिशातून येतो. २०१३ च्या कंपनी कायद्याप्रमाणे ठरावीक मर्यादेवरच्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे २ टक्के समाजकार्यावर खर्चावे लागतात, आणि रस्ता सुरक्षेचं शिक्षण त्यात बसतं असा खुलासा सरकारनं २०१४ मध्ये केला आहे. मात्र तिथं मंडळ नोंदणीकृत लागतं, तपासलेले हिशेब लागतात. आपल्या कित्येक महिला मंडळांचं हळदीकुंकू वर्षानुवर्षं नेमानं चालतं आणि हिशेबतपासणी मात्र "पुढच्या वर्षी" असते! त्यामुळे हातातोंडाशी आलेली देणगी परत गेलेली मी पाहिली आहे.

शाळेची बस किंवा व्हॅन असेल तर आणखी एक. राज्याच्या २०११ च्या नियमांप्रमाणे प्रत्येक शाळेत परिवहन समिती हवी. मुख्याध्यापक तिचे अध्यक्ष, आणि पालकांचा प्रतिनिधी, वाहतूक पोलीस व परिवहन खात्याचे अधिकारी तिचे सदस्य. मुख्याध्यापकांना सहज विचारून बघा, शेवटची बैठक कधी झाली. चेहऱ्यावरूनच उत्तर कळेल.

वेळेचं सांगते, कारण आमचं गाडं तिथंच अडलं. सरकारी वर्ष एप्रिल ते मार्च. पुढच्या वर्षीची अंदाजपत्रकं हिवाळ्यात तयार व्हायला लागतात, म्हणजे अर्ज दिवाळीच्या आत पोचलेला बरा. फेब्रुवारीत गेलात तर "निधी संपला" हे ऐकायला मिळतं. आमचा अर्ज ऑक्टोबर २०२३ मध्ये गेला. तेव्हा आमच्याकडे नगरसेवक नव्हतेच, निवडणुका लांबल्यामुळे प्रशासक होते. म्हणून आमदार निधीचं दार ठोठावलं. शिफारसपत्र मिळालं, अभियंते मापं घेऊन गेले, आणि मार्चात लोकसभेची आचारसंहिता लागली. जूनपर्यंत सगळं ठप्प. मंजुरी पावसाळ्यात आली, कार्यादेश सप्टेंबरात निघाला आणि काम झालं दिवाळीच्या सुट्टीत, नोव्हेंबर २०२४ मध्ये. अर्जापासून तेरा महिने. तोवर वहिनींचा नातू तिसरीत गेला होता.

या तेरा महिन्यांत बाई दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी कार्यालयात जात. भांडायला नाही. अर्जाची प्रत, त्यावरचा आवक क्रमांक आणि तारीख घेऊन नुसत्या समोर बसत. "साहेब, आमचं कुठपर्यंत आलं?" एकदा फाइल सापडत नाही असं सांगितलं गेलं, तेव्हा त्यांनी माहितीच्या अधिकाराचा अर्ज केला. दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट आणि तीस दिवसांची मुदत. फाइल नवव्या दिवशी सापडली. म्हणून सांगते, अर्जाची पोच घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका. आणि हो, तुमच्याकडे सदस्य बाई असतील, निम्म्या जागा आता बायकांच्याच आहेत, तर त्यांनाच भेटा. फोन यजमानांनी उचलला तर गोडीत म्हणा, "वहिनींना द्या ना जरा."

पैसा पुरेल की नाही अशी शंका असेल तर आधी रंगावर काम करून बघता येतं. मुंबईत भायखळ्याला ख्राइस्ट चर्च शाळेसमोर २०१९ मध्ये आधी रंग, शंकू आणि अडथळे मांडून रस्त्याची नवी आखणी करून पाहिली, मुलांनाही त्यात सामील केलं. चुकलं तर पुसता येतं. आमच्या वरवंट्याच्या वेळी हे कळलं असतं तर काकूंचं मनगट वाचलं असतं.

आता आमच्या रस्त्याची स्थिती विचाराल तर, ओटा चांगला झाला आहे. टेम्पो सावकाश येतात, कारण न येऊन सांगतील कुणाला! खांबांमुळे पदपथावरच्या रिक्षा गेल्या, त्या आता वळणावर उभ्या राहतात आणि तो नवा तंटा आहे. शाळेनं पालकांच्या गाड्या शंभर पावलं अलीकडे थांबवायचं ठरवलं, त्यावर निम्मे पालक रुसले. वही अजून चालू आहे. मागच्या सहा दिवसांच्या पाहणीत 'थोडक्यात वाचलं' या रकान्यात दोन नोंदी आल्या. वहिनी त्या दोन्हींखाली बराच वेळ बोट ठेवून बसल्या होत्या.

पट्टे मात्र २०२५ च्या पावसाळ्यानंतर विटून गेले. चौकशी केली तर साधा रंग लावला होता. तापवून लावायचा थर्मोप्लास्टिक रंग पुष्कळ अधिक टिकतो, आणि तो अंदाजपत्रकात लिहून घ्यावा लागतो. आम्ही तो शब्द लिहायला विसरलो होतो. तुम्ही विसरू नका. आमचा नवा अर्ज तयार आहे, बाईंनी पोच घेण्यासाठी दुसरी प्रतही काढून ठेवली आहे. सोमवारी अकरा वाजता आम्ही दोघी जाणार आहोत.

पुढच्या अंकात शाईचे डाग आणि दप्तराचा वास.